होल मारायच्या आधी पेन्सिल त्यांच्या हातात द्या: घरदुरुस्ती करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

गवंडी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशी-टाइल्स बसवणारे, रंगकाम करणारे आणि या सगळ्यांना गोळा करून काम उरकून देणारे कॉन्ट्रॅक्टर, हे पत्र तुम्हा सगळ्यांसाठी आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे ऑपरेशन, पॅरालिसिस, संधिवात किंवा नुसत्या वयामुळे ज्यांना अंघोळ, कपडे घालणं, जिना चढणं, स्वयंपाक अशी रोजची कामं जड जायला लागतात त्यांच्या घरी जायचं आणि ती कामं त्यांना परत कशी जमतील ते बघायचं, हे माझं काम. खूप वर्षं हेच करतेय. आणि आता मला मनापासून वाटतं की जे सांगायचंय ते डॉक्टरांना किंवा सरकारला सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण म्हातारपणी माणूस स्वतःच्या घरात राहू शकणार की नाही हे बऱ्याच वेळा तुमच्या ड्रिल मशीनवर ठरतं आणि तुम्हाला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

बघा ना, डॉक्टरांची भेट होते ती माणूस पडल्यावर. माझी भेट होते ती त्याच्याही नंतर, खुब्याचं ऑपरेशन होऊन माणूस वॉकर घेऊन घरी आलेला असतो तेव्हा. तुम्ही मात्र पडायच्या आधी त्या घरात असता. नळ गळतोय, टाइल उचकटलीय, दार घासतंय, जिन्यातला दिवा लागत नाही, म्हणून तुम्हाला बोलावतात आणि ज्या जागी माणूस उद्या घसरणार असतो नेमक्या त्याच जागी तुम्ही आज गुडघे टेकून काम करत असता. अशी संधी आमच्या अख्ख्या हॉस्पिटलला मिळत नाही हो.

पडणं म्हणजे काय चीज आहे हे एकदा आकड्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दर वर्षी साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि ३ कोटी ७३ लाख वेळा माणूस इतका जोरात पडतो की उपचार घ्यावे लागतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा नंबर पडण्याचा लागतो, आणि जीव जाणाऱ्यांमध्ये साठीच्या पुढची माणसं सगळ्यात जास्त. जे वाचतात त्यांचं पुढे काय होतं ते मी रोज बघते. एकदा पडलेला माणूस घाबरतो, घाबरला की एकट्याने बाथरूममध्ये जात नाही, जिना उतरत नाही, हळूहळू खुर्चीतच बसून राहतो, बसून राहिला की मांड्यांची ताकद जाते, आणि ताकद गेली की परत पडतो. मग घरातले म्हणतात आता यांना एकटं ठेवणं शक्य नाही, आणि ज्या घरात आयुष्य गेलं ते घर सुटतं. आणि हे सगळं बऱ्याचदा सुरू कशावरून झालेलं असतं, तर अर्ध्या इंचाने वर आलेल्या एका फरशीवरून.

तुमच्या कामाने यात खरंच फरक पडतो का, तर पडतो, आणि तो मोजला गेलाय. न्यूझीलंडमध्ये तारानाकी नावाचा भाग आहे, तिथे मायकेल कील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८४२ घरं घेऊन अभ्यास केला, तो २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं दोन गटांत वाटली, एका गटात लगेच दुरुस्त्या करून दिल्या, दुसऱ्या गटाला नंतर. आणि त्या केल्या कोणी, तर तुमच्यासारख्या बांधकामातल्या माणसांनीच. बाहेरच्या पायऱ्यांना आणि आतल्या जिन्याला हँडरेल, बाथरूममध्ये ग्रॅब बार (आधाराला धरायचा, भिंतीत पक्का बसवलेला दांडा), बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या, घसरड्या जागी न घसरणारा थर. बस, एवढंच. कुठली भिंत पाडली नाही, लिफ्ट बसवली नाही. तरी घरात पडून उपचार घ्यावे लागण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झालं. औषधाच्या एखाद्या गोळीने हे केलं असतं ना, तर जगभर तिची जाहिरात झाली असती!

म्हणून पहिली विनंती ही की नवीन काही बसवायच्या आधी जे मोडलंय ते नीट करा. वयस्कर लोकांच्या घरात दुरुस्ती राहून गेलेली असते, कारण शिडीवर चढणं बंद झालेलं असतं, वाकून बघणं बंद झालेलं असतं, आणि माणूस मोडक्या गोष्टीला वळसा घालून जगायला शिकतो. गळका नळ म्हणजे नुसतं पाणी वाया जाणं नाही, तर रात्री दोन वाजता ओली झालेली फरशी आहे. जवळचा प्लगपॉइंट बंद पडला म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओढून आणलेली एक्स्टेन्शनची वायर पायात येते. खिडकीची कडी अडकते म्हणून आजोबा स्टुलावर चढून ती बुक्कीने उघडतात. जिन्याचा कठडा हलतोय हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, ते सवयीने त्याच्यावर भार देत नाहीत, पण तोल जातो त्या क्षणी हात सवय विसरतो आणि तोच हलणारा कठडा पकडतो. एका कामासाठी गेलात की दहा मिनिटं या गोष्टींवर नजर फिरवा आणि घरच्यांना सांगा. कित्येकदा तेच खरं काम असतं आणि बोलावलेलं असतं भलत्याच कामाला.

आता ग्रॅब बारबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एका घरी मी गेले तेव्हा बाथरूममध्ये तीन चकचकीत बार लावलेले होते, काम व्यवस्थित होतं, लेव्हल अगदी परफेक्ट, आणि तिथे राहणाऱ्या काकू उठताना त्यातला एकही धरत नव्हत्या, वॉशबेसिन धरून उठत होत्या. कॉन्ट्रॅक्टरने ठरावीक मापांच्या तक्त्यात बघून उंची घेतली होती. त्या काकूंचा उजवा खांदा वर जात नव्हता आणि मुख्य बार उजवीकडे, वर. पैसे गेले, टाइल्सना भोकं पडली, आणि बेसिन भिंतीपासून सुटायला लागलं होतं ते वेगळंच.

तक्ता खोटा असतो असं नाही. अमेरिकेत सार्वजनिक जागांसाठी नियम आहे की बार जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवा. पण तो नियम अनोळखी हजारो माणसांसाठी आहे, कोण येणार माहीत नाही म्हणून मधला आकडा काढलाय. घरात तर ते बार वापरणारं माणूस तुमच्या समोर उभं असतं! त्याला विचारायचं सोडून तक्ता कशाला बघायचा?

दुसऱ्या एका घरी एका मिस्त्रींनी जे केलं ते मी आता सगळ्यांना सांगते. त्यांनी आजींना कपड्यांसकट कमोडवर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "आजी, रोज उठता तशा उठा, मी आहे इथे." आजी उठल्या. हात कुठे गेला तिथे त्यांनी भिंतीवर मास्किंग टेपचा तुकडा लावला. परत बसवलं, परत उठवलं, दुसऱ्या वेळी हात जरा खाली गेला, टेप सरकवला. मग पेन्सिल आजींच्याच हातात दिली आणि म्हणाले आता तुम्हीच खूण करा, जिथे धरलं की बरं वाटेल तिथे. आजींनी टेपच्या चार बोटं खाली आणि थोडं पुढे खूण केली, का तर उठताना त्या पुढे झुकून उठतात, सरळ वर नाही. मिस्त्रींनी तिथेच होल मारला. बार बसल्यावर स्वतः पूर्ण भार टाकून लोंबकळून दाखवलं, आजींच्या समोर. त्या बारवर आजींचा जो विश्वास बसला तो मी दहा वेळा समजावून बसला नसता. सगळ्याला मिळून फार तर पाव तास जास्त लागला असेल.

आणि विचारायला माणूस घरात नसेल तर भिंत बघा. खरंच सांगते, भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं. दाराच्या चौकटीवर, बाथरूमबाहेरच्या कोपऱ्यावर, जिन्याच्या वळणावर रंग काळपट किंवा तुळतुळीत झालेला असतो, तिथे रोज हात टेकतोय. ती खूण पुसून वरून नवा रंग मारून दिलात तर घर छान दिसेल, पण आधार कुठे हवा याची सगळ्यात खरी माहिती तुम्ही रंगाखाली गाडलीत. रंगकाम करणाऱ्यांनो, तुम्हाला म्हणून मुद्दाम लिहितेय, अशी खूण दिसली की घरच्यांना बोलवून दाखवा.

बसवण्याच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, तरी जे बघून काळजी वाटते ते लिहिते. टॉवेल रॉड हा ग्रॅब बार नव्हे. दोन बारीक स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्टीवर उभा असलेला रॉड टॉवेलचं वजन घेतो, घसरणाऱ्या माणसाचं नाही, आणि घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो. त्यामुळे शॉवरजवळ टॉवेल रॉड असेल तर तो काढून टाका नाहीतर तिथे खराखुरा बार लावा. त्याच अमेरिकन नियमात बारने २५० पौंड, म्हणजे ११३ किलोच्या आसपास भार घ्यायला हवा असं आहे, आणि बार व भिंतीत दीड इंच जागा, म्हणजे बोटं नीट बसतात पण हात घसरून आत अडकत नाही. व्हॅक्यूमने चिकटणारे बार कृपा करून सुचवू नका, ते कधी सुटतील सांगता येत नाही, आणि सुटतात ते नेमके भार पडला की. पोकळ पार्टिशन असेल तर आतल्या फ्रेमचा दांडा शोधून त्यातच स्क्रू जायला हवा, नुसत्या बोर्डात नाही. टाइल वाजवून बघा, मागे पोकळ आवाज आला तर जागा बदला किंवा टाइल काढून भरून घ्या. टाइलमधून जाताना ड्रिलचा हॅमर मोड बंद, हे तुम्हाला माहीतच आहे, आणि भोकाभोवती सिलिकॉन भरायला विसरू नका, नाहीतर पाणी आत जाऊन दोन वर्षांत स्क्रू सडतो आणि बाहेरून काही कळत नाही. रंगही बघा. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा बार मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दिसतच नाही. आणि कुठल्याही बाथरूमची भिंत काही कारणाने उघडलीच असेल, घरात सगळे तरुण असले तरी, तर पार्टिशनच्या आत जाड प्लायवूडची पट्टी टाकून ठेवा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून घरमालकाला पाठवा. वीस वर्षांनी कोणीतरी तुमचं नाव काढेल.

बाथरूमचं दार. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला तर त्याचं शरीरच दाराला आडवं येतं, बाहेरच्याला दार उघडता येत नाही, जोर लावला तर आतल्याला लागतं. दार बाहेर उघडेल असं करून द्या, ते होत नसेल तर सरकतं करा, तेही नसेल तर निदान कडी अशी लावा की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. वॉकर दारातून जात नाही म्हणून चौकट फोडायला निघालेले लोक मी बघितलेत, त्याआधी बिजागऱ्या बदलून बघा, ऑफसेट बिजागऱ्या लावल्या की उघडलेलं दार चौकटीच्या वाटेतून पूर्ण बाजूला होतं आणि दाराच्या जाडीएवढी, दीड-दोन इंच जागा मिळते. पुष्कळदा तेवढ्यात भागतं. गोल नॉबच्या जागी लांब हँडल लावलं की संधिवाताचा हात कोपराने सुद्धा दार उघडतो.

टाइल्सवाल्यांसाठी एक वेगळा परिच्छेद लागेल. जुन्या फरशीवरच नवीन टाइल चिकटवायचं काम आजकाल सर्रास होतं, पटकन होतं, धूळ नाही, मलबा नाही, मला त्यातली सोय कळते. पण त्याने जमीन वर येते, मग बाथरूमच्या तोंडाशी आधी नसलेली एक बारीकशी पायरी तयार होते, आणि जिन्याच्या खालच्या किंवा वरच्या टोकाची एकच पायरी बाकीच्यांपेक्षा कमी-जास्त उंचीची होते. पाय डोळ्यांना विचारून चढत नाही, पहिल्या दोन पायऱ्यांत उंचीचा अंदाज घेतो आणि पुढे तसाच पडत जातो. एक पायरी अर्ध्या-पाऊण इंचाने वेगळी असली की ठेच लागलीच. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे जेमतेम ९.५ मिलिमीटर. इतकी बारकाई उगाच केलेली नाही. तेव्हा वरून टाइल लावायच्या आधी मोजायचा टेप काढा, शेवटच्या पायरीचं काय होणार ते बघा, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर स्पष्ट सांगा की हे काम फोडूनच करावं लागेल. टाइल निवडताना अनवाणी ओल्या पायांसाठीची जर्मन पद्धतीची ए, बी, सी अशी वर्गवारी कंपनीच्या माहितीपत्रकात असते, शॉवरखाली बी किंवा सी घ्या. आणि ढाळ असा काढा की पाणी दाराकडे नाही, जाळीकडेच जाईल.

जिन्याला दोन्ही बाजूंनी हँडरेल हवी. पॅरालिसिस झालेल्या माणसाचा एकच हात चालतो, चढताना त्या हाताच्या बाजूला असलेली रेल उतरताना दुसऱ्या बाजूला जाते, आणि उतरतानाच तर जास्त भीती. रेल शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर आडवी न्या, कारण जिना संपला असं वाटतं आणि अजून एक पायरी असते तिथेच माणूस फसतो. पायऱ्यांच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा, पण सगळ्या पायरीभर नक्षी नको, नक्षीत कड हरवते.

दिव्यांचं इलेक्ट्रिशियन लोकांना एकच सांगते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे तुम्ही तिथे उभं राहून "भरपूर उजेड आहे की" म्हणता तेव्हा तो तुमच्यासाठी भरपूर असतो. पलंगापासून टॉयलेटपर्यंत रात्री सेन्सरवर लागणारे मंद दिवे, जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे स्विच, आणि बल्ब थेट डोळ्यात येणार नाही अशी जागा. आणि प्लगपॉइंट कंबरेच्या उंचीवर घ्या, प्लग लावायला वाकलं की चक्कर येणारी खूप माणसं आहेत.

प्लंबर मंडळी, गरम पाणी. ६० डिग्रीचं पाणी पाच-सहा सेकंदांत त्वचा खोलवर भाजतं, ४९ डिग्रीला तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, डायबिटीसमुळे पायाला गरम कळत नाही, आणि कळलं तरी पटकन बाजूला होता येत नाही. टाकीतलं पाणी मात्र फार कोमट ठेवून चालत नाही, त्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात. त्यामुळे टाकी गरमच ठेवायची आणि नळाच्या आधी थर्मोस्टॅटचा मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाण्यात थंड मिसळून बेताचं पाणी सोडणारा, टाकायचा हा त्यातला मार्ग. हे तुम्ही सुचवलंत तर लोक ऐकतील, मी सांगितलं तर त्यांना वाटतं पुस्तकी बोलतेय.

रॅम्पबद्दल थोडक्यात. एकास बारा हा उतार सगळीकडे मानला जातो, म्हणजे ६ इंचांच्या उंबऱ्याला ६ फुटांचा रॅम्प. जागा नाही म्हणून दोन फुटांत उतरवलेला रॅम्प व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या जिवावर उठतो. आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला रॅम्पच हवा असंही नाही, चालणाऱ्या पुष्कळ लोकांना उतारापेक्षा बुटक्या सारख्या उंचीच्या पायऱ्या आणि दोन्हीकडे धरायला रेल हे जास्त सोपं जातं. परत तेच, चालवून बघा आणि मग ठरवा.

हे मी परत परत का म्हणतेय त्याचं कारण सांगते. १९७३ साली पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमाव या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं होतं की म्हातारपणात माणसाला काय जमतं हे त्याच्या एकट्याच्या ताकदीवर ठरत नाही, तो जिथे राहतो ती जागा त्याच्याकडून किती ताकद मागते यावरही ठरतं. गुडघ्याची ताकद मी व्यायामाने थोडी वाढवू शकते, पण कमोडची बैठक बुटकी असेल तर तेवढी वाढलेली ताकद पुरत नाही, बैठक तीन-चार इंच उंच केली की तोच गुडघा पुरतो. दोन्ही बाजूंनी काम व्हायला हवं आणि त्यातली दुसरी बाजू तुमची आहे. बॉल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमधल्या सारा झांटन यांनी केपेबल नावाचा कार्यक्रम नेमका असाच बांधलाय. त्यात घरी जातात ते तिघं, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नर्स आणि दुरुस्ती करणारा कारागीर. सुरुवात होते ती म्हाताऱ्या माणसाला विचारून, तुम्हाला काय करता यायला हवंय? कोणी म्हणतं अंघोळ स्वतःची स्वतः, कोणी म्हणतं जिना उतरून बाहेर जाता यावं. मग थेरपिस्ट आणि ते मिळून कामाची यादी काढतात आणि कारागीर ती करतो. २०१९ साली ३०० लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले, पाच महिन्यांनंतर रोजच्या कामांत येणारी अडचण हा कार्यक्रम न मिळालेल्या दुसऱ्या गटाच्या मानाने ३० टक्के कमी होती. त्या टीममध्ये कारागिराला मदतनीस म्हणून घेतलेलं नाही, तो तिघांतला एक आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

उलटही खरं आहे. २०२३ मध्ये वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने तोपर्यंतच्या अभ्यासांचा एकत्र आढावा काढला, त्यात घरातले धोके काढून टाकल्याने पडण्याचं प्रमाण ज्यांना पडायचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात ३८ टक्क्यांनी कमी झालं, आणि धोका न बघता सरसकट सगळ्यांच्या घरी केलं त्यांच्यात तसा फायदा दिसला नाही. म्हणून पॅकेज विकू नका. "सीनियर सिटिझन बाथरूम पॅकेज" म्हणून एकच सेट प्रत्येक घरात ठोकायचा धंदा जिथे जिथे चालू झालाय तो बघून मला खरोखर वाईट वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, बोलायला सोपं आहे, एका बारसाठी आम्ही अर्धा दिवस घालवायचा, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? बरोबर आहे. छोटं काम कोणाला परवडत नाही, आणि म्हणूनच म्हातारी माणसं महिनोन्‌महिने फोन करत राहतात आणि कोणी येत नाही. यावर काही देशांनी पैशाची सोय केलीय. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीसाठी २००० सालापासून असलेल्या सरकारी विम्यात हँडरेल, उंचसखलपणा काढणं, सरकतं दार, फरशी बदलणं अशी २ लाख येनपर्यंतची कामं बसतात, त्यातला थोडा हिस्सा फक्त माणसाने भरायचा. सिंगापूरने २०१२ मध्ये ईझ नावाची योजना काढली, सरकारी फ्लॅटमध्ये ग्रॅब बार, फरशी न घसरणारी करणं आणि रॅम्प, बहुतेक खर्च सरकारचा. इंग्लंडमध्ये १००० पौंडांच्या आतले छोटे बदल गरज ठरली की फुकट होतात, मोठ्या कामाला ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान. जिथे अशी योजना आहे तिथे ती तुम्हाला तोंडपाठ हवी, गिऱ्हाईकाला बहुतेक वेळा माहीत नसते. जिथे नाही तिथे कामं एकत्र करा. एका बिल्डिंगमधली, एका गल्लीतली सगळी छोटी कामं एका दिवशी. आणि पाव तास मोजमापाचे पैसे बिलात वेगळे लावा, उजळ माथ्याने लावा, तो कामाचाच भाग आहे.

एक अवघड गोष्ट उरली. पैसे मुलगा किंवा मुलगी देणार असते, बोलणं त्यांच्याशी होतं, कधी कधी ते दुसऱ्या शहरातून फोनवर असतात आणि म्हणतात सगळं पाडून नवीन करून टाका, खर्चाची काळजी नको. त्यांची माया खरी असते, त्यांच्या बोलण्यात धाक असतो तो भीतीपोटी असतो. पण सगळं पाडलं की तीस वर्षं अंधारातही सापडणारा स्विच जागेवर राहत नाही, गॅसची शेगडी दुसरीकडे जाते, आणि ज्यांना थोडं विसरायला होतंय त्यांच्यासाठी तर स्वतःचं घर एका रात्रीत परकं होतं. घरात राहणाऱ्याशी बोला. त्यांना ऐकू कमी येत असेल तर समोर बसून बोला, हळू बोला, मुलाकडे बघून "आजींना काय हवं" असं विचारू नका, आजी तिथेच असतात. त्या बऱ्याचदा नाही म्हणतील, मला कशाला आधार, मी काय आजारी आहे? तेव्हा आजाराचा, वयाचा विषय काढूच नका. हा कठडा हलतोय तो पक्का करतो, ही पायरी नीट करतो, एवढंच म्हणा. घर दुरुस्त करायला कोणाचीच ना नसते. आणि हॉस्पिटलसारखे दिसणारे बार बाजारात आहेत तसे छान दिसणारेही आहेत, दोन्ही दाखवा, त्यांना निवडू द्या.

आमच्या बाजूने मी एवढं करू शकते की तुमच्या भागात जे थेरपिस्ट, फिजिओ, घरी जाणाऱ्या नर्स काम करतात त्यांनी तुमचे नंबर ठेवावेत म्हणून मागे लागते, आणि तुम्ही आमचे ठेवा. माणूस हॉस्पिटलमधून घरी यायच्या चार दिवस आधी तुम्हाला फोन आला तर तो टाळू नका, त्या चार दिवसांत एक बार, एक रेल आणि उंच केलेली कमोडची बैठक झाली तर माणूस थेट घरी येतो, नाहीतर "घराची सोय होईपर्यंत" म्हणून दुसरीकडे पाठवतात आणि त्यातले सगळे परत येत नाहीत.

आणि महिन्याभराने एक चक्कर मारा. स्क्रू घट्ट आहेत का बघा, बार खरंच वापरात आहे का विचारा, नसेल तर का नाही ते विचारा, कारण पुढच्या घरात तेच उपयोगी पडेल. बारवर ओले टॉवेल वाळत घातलेले दिसतील, जवळपास प्रत्येक घरी दिसतात, आणि टॉवेलवरून हात सटकतो. म्हणून बार लावाल त्याच दिवशी बाजूला टॉवेलसाठी वेगळे हुक लावून द्या, दोन तरी.

तुमची,
घरोघरी जाणारी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट